चालत्या संगणकाला हात लावावा का?

सुरक्षा अपडेट म्हणजे संगणकाच्या मूळ प्रणालीत सापडलेली एखादी फट बुजवण्यासाठी तिच्या निर्मात्याने पाठवलेला दुरुस्त भाग. विंडोजच्या बाबतीत ऑक्टोबर 2003 पासून हे भाग ठरलेल्या दिवशी येतात : दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले की. भारतात तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, तिकडे हिवाळा असेल तर साडेअकरा. त्यामुळे इथल्या बहुतेक घरांत त्यांची गाठ बुधवारी सकाळी पडते. नव्या संगणकावर हे काम कुणाला पत्ता न लागता उरकते. दहा-बारा वर्षांच्या संगणकावर तेच काम अख्खी दुपार खाते, आणि ते करावे की टाळावे हा प्रश्न खरा तिथेच उभा राहतो.

या प्रश्नावर घरोघरी दोन मते ऐकू येतात. इथे ती दोन व्यक्तींच्या तोंडी घातली आहेत. मामा निवृत्त आहेत. त्यांचा डेस्कटॉप 2013 सालचा : चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, 4 जीबी रॅम, जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क. विंडोज 7 सह घेतलेला हा संगणक पुढे विंडोज 10 वर आला. सोसायटीचे हिशेब, नेट बँकिंग आणि गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका, सगळे त्यावरच होते. भाची एका महाविद्यालयातली संगणक प्रयोगशाळा सांभाळते.

मामा : संगणक व्यवस्थित चाललाय. प्रिंटर छापतोय, हिशेब जुळतायत. मग त्याला डिवचायचं कशाला? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

भाची : मामा, फट असलेला संगणकसुद्धा असाच छान चालतो. हिशेब जुळतात म्हणून फट नाही, असं होत नाही.

मामा : बरं, असली फट तरी माझ्याकडे आहे काय? सोसायटीच्या पावत्या आणि नातवंडांचे फोटो. कुणी एवढं माझ्या मागे कशाला लागेल?

मामांच्या या म्हणण्यामागे एक गृहीतक आहे : हल्ला करणारा आधी माणूस निवडतो आणि मग त्याच्या संगणकाकडे वळतो. मोठी कंपनी किंवा सरकारी खाते असेल तर तसे घडतेही. घरगुती संगणकांचा अनुभव वेगळा आहे. हल्ल्याचा प्रोग्राम इंटरनेटवरचे पत्ते एकामागून एक तपासत जातो आणि जिथे ठरावीक फट उघडी सापडेल तिथे शिरतो. मालक कोण, आत काय आहे, हे त्याला कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते. फोटो चोरायचे नसतात. ते कुलूपबंद करून त्यांच्याच मालकाला परत विकायचे असतात. नातवंडांच्या फोटोंना बाजारात किंमत नसली तरी आजोबांच्या लेखी असते, आणि खंडणीचा सगळा हिशेब त्यावरच बेतलेला असतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण 'वॉनाक्राय'. विंडोजच्या फाइल-देवाणघेवाणीच्या एका जुन्या पद्धतीत गंभीर फट होती. मायक्रोसॉफ्टने ती बुजवणारे अपडेट 14 मार्च 2017 रोजी दिले. हल्ला झाला 12 मे 2017 रोजी, जवळजवळ दोन महिन्यांनी. दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्यात सापडले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. पडद्यावर 300 डॉलरची मागणी झळकत होती. सापडलेल्यांपैकी बहुतांश संगणक विंडोज 7 चे होते. या प्रणालीला त्या वेळी अपडेट नियमित येत होती, म्हणजे दुरुस्ती हाताशी होती आणि बसवलेली नव्हती. आधार संपून तीन वर्षे झालेल्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने दुसऱ्याच दिवशी खास अपडेट काढले. असे ती कंपनी क्वचितच करते.

भाची : यात एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. अपडेट जाहीर झालं की जुना भाग आणि नवा भाग शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते काढता येतं. जिथे बदल, तिथे फट. संरक्षण करणारे हे करतात तसे हल्ला करणारेही करतात. म्हणजे अपडेट येण्याच्या आदल्या दिवशी तुमचा संगणक जितका सुरक्षित होता, त्याहून ते न बसवता काढलेल्या दुसऱ्या महिन्यात तो कमी सुरक्षित असतो. तुम्ही काहीही न करता.

मामा : म्हणजे अपडेट काढणारेच चोराला वाट दाखवतात!

भाची : न काढून भागत नाही. फट शोधणाऱ्याला ती सापडतेच. पण म्हणूनच 'आहे तसं राहू दे' म्हटल्याने काही आहे तसं राहत नाही.

अपडेटच्या बाजूचा खरा युक्तिवाद हाच आहे. नवे अपडेट संगणक अधिक चांगला करते म्हणून ते बसवायचे नसते. जुन्या संगणकावर तर त्याने काहीच चांगले झालेले दिसत नाही, उलट थोडा वेग जातो. ते बसवायचे कारण एवढेच, की न बसवलेल्या संगणकाची स्थिती दर महिन्याला आपोआप बिघडत जाते.

मामांचा पुढचा मुद्दा मात्र वजनदार आहे.

मामा : वायफाय जोडणारा मुलगा म्हणाला होता, मध्ये राऊटर असला की बाहेरचा कुणी थेट आत येत नाही. ते खोटं का?

भाची : खरं आहे. त्याने बरोबर सांगितलं.

घरातले सर्व संगणक आणि फोन राऊटरच्या मागे एकाच बाहेरच्या पत्त्यावर चालतात, आणि आतून कुणी न मागितलेली जोडणी राऊटर सहसा आत सोडत नाही. वॉनाक्रायसारखा बाहेरून ठोठावणारा हल्ला त्यामुळे बऱ्याच घरांच्या उंबऱ्यावर थांबतो. पण घरगुती संगणकात आज जे शिरते ते बहुधा आतून उघडलेल्या दारानेच : ब्राउझरमधले एखादे पान, 'वीजबिल' म्हणून आलेली जोडलेली फाइल, ओळखीच्या माणसाकडून आलेली पीडीएफ. जोडणी घरातूनच मागितलेली असल्यामुळे राऊटर तिला अडवत नाही. अशा वेळी आड येतो तो ब्राउझर, आणि त्याच्या मागे मूळ प्रणाली. दोन्ही ताजे असतील तर वाईट पान त्या ब्राउझरच्या चौकटीतच अडकून पडण्याची शक्यता मोठी. म्हणून जुन्या संगणकावर सर्वांत आधी कशाकडे पाहावे, तर ब्राउझरकडे. विंडोज 7 साठी क्रोमची 109 ही शेवटची आवृत्ती. फेब्रुवारी 2023 मध्ये आलेली पुढची आवृत्ती त्यावर बसत नाही. त्या क्रोमवर आजही बँकेचे पान उघडत असेल, पण तेवढ्यावरून ते सुरक्षित ठरत नाही.

मामा अँटिव्हायरसचाही आधार घेतात : तो रोज ताजा होतो, मग आणखी काय हवे? अँटिव्हायरस ओळखीच्या घातक प्रोग्रामांची यादी बाळगतो आणि संशयास्पद वागणुकीवर नजर ठेवतो. फट बुजवणे हे त्याचे काम नव्हे. शिवाय तो ज्या प्रणालीवर उभा असतो तीच पोखरलेली असेल, तर हल्लेखोर आधी त्यालाच बंद पाडू शकतो. अँटिव्हायरस हवाच, पण तो अपडेटची जागा घेत नाही.

यानंतर मामा आपल्या बाजूची खरी कागदपत्रे काढतात.

मामा : अपडेटने संगणक बंद पडल्याचं मी स्वतः वाचलंय. जुन्या एएमडीवाल्यांचे संगणक जानेवारीत सुरूच होईनात.

ही घटना खरी आहे. जानेवारी 2018 मध्ये 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' या प्रोसेसरच्या रचनेतल्याच त्रुटी जगजाहीर झाल्या. त्याआधीच्या वीसेक वर्षांत बनलेले बहुतेक प्रोसेसर त्यांच्या कक्षेत येत होते. त्यावरचे तातडीचे अपडेट काही जुन्या एएमडी संगणकांवर बसले आणि ते संगणक पुढे सुरूच झाले नाहीत. मायक्रोसॉफ्टला त्या यंत्रांसाठी वाटप थांबवावे लागले. ज्यांचे संगणक चालू राहिले त्यांच्यातही जुन्या प्रोसेसरवाल्यांना वेग कमी झाल्याचे जाणवले, आणि तसे होईल हे मायक्रोसॉफ्टनेही मान्य केले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज 10 च्या मोठ्या अपडेटने काही जणांच्या फाइली पुसल्या; तेही मागे घ्यावे लागले. 2021 च्या उन्हाळ्यात छपाईच्या व्यवस्थेतली 'प्रिंटनाइटमेअर' ही फट बुजवताना अनेक कार्यालयांतले नेटवर्क प्रिंटर अडले. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरचे सुमारे 85 लाख विंडोज संगणक एकाच दिवशी आडवे केले, आणि भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

मामा : आणि ते न्हावा शेवाचं? तिथे तर अपडेटमधूनच रोग आला म्हणतात.

भाची : तो रोग सुरू झाला युक्रेनमध्ये, मामा. पण अपडेटमधून आला, हे बरोबर.

27 जून 2017 रोजी पसरलेल्या 'नॉटपेट्या'ची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरपासून झाली. हल्लेखोरांनी त्या सॉफ्टवेअरच्या अपडेट पाठवण्याच्या यंत्रणेतच शिरकाव केला होता. युक्रेनमध्ये व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांमधून तो जगभर गेला. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली, आणि न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले तिच्या समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. अपडेटवर आंधळा विश्वास ठेवू नये, असे मामा म्हणतात तेव्हा त्यांच्यामागे एवढा पुरावा उभा आहे. जे लोक या भीतीची हेटाळणी करतात त्यांनी तो एकदा नीट वाचावा.

तरीही या घटना एका ओळीत मांडल्या की एक घोटाळा होतो, आणि भाची तो सोडवते. 'अपडेट' या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली मासिक सुरक्षा अपडेट, ती फटी बुजवतात. दुसरी प्रणालीची नवी आवृत्ती. तिच्यासोबत नवी रूपे, नव्या सोयी आणि नव्या चुकाही येतात. तिसरी ड्रायव्हरची, म्हणजे प्रिंटर, ग्राफिक्स, आवाज वगैरे भाग चालवणाऱ्या जोड-प्रोग्रामांची. 2018 मध्ये फाइली पुसल्या त्या नव्या आवृत्तीने. क्राउडस्ट्राइक हे कार्यालयांत वापरले जाणारे वेगळे उत्पादन. घरच्या संगणकावर ते नसतेच. नॉटपेट्याने आत आल्यावर पसरण्यासाठी ज्या फटी वापरल्या, त्यांत मार्चमध्येच बुजवता येणारी वॉनाक्रायची फटही होती, जरी तो पासवर्ड चोरूनही पसरत होता. मामांच्या यादीत मासिक सुरक्षा अपडेटचा निखळ दोष म्हणावा असा उरतो तो जानेवारी 2018 चा आणि प्रिंटरचा.

भाची : म्हणून ड्रायव्हर चालत असेल तर त्याला हात लावू नका. नवी आवृत्ती आली की महिना-दोन महिने थांबा. मासिक अपडेटसाठी मात्र पाच-सहा दिवसांच्या वर थांबू नका. विंडोज 10 मध्ये सेटिंग्जमधून एका वेळी सात दिवस, एकूण पस्तीस दिवसांपर्यंत, अपडेट थांबवून ठेवता येतं. काही बिघडलं असेल तर पहिल्या आठवड्यातच बोभाटा होतो.

मामा : त्या आठवड्यात चोर आला तर?

भाची : एखाद्या फटीचा वापर आधीच सुरू झाला असेल तर निर्माता तसं जाहीर करतो. भारत सरकारच्या सर्ट-इन या संगणक-सुरक्षा संस्थेच्या सूचनांतही ते येतं. तेव्हा थांबायचं नाही. एरवी थांबायला हरकत नाही.

प्रत्यक्ष काम सुरू करण्याआधी जुन्या संगणकात ज्या गोष्टी पाहाव्या लागतात त्या नव्या संगणकात कुणाला सुचतही नाहीत. पहिली गोष्ट तारीख. मदरबोर्डवर सीआर 2032 या क्रमांकाचा एक चपटा गोल सेल असतो. प्लग काढलेला असतानाही घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. आठ-दहा वर्षांत तो संपतो. मग वीज गेली किंवा मुख्य बटण बंद केले, की संगणक आपल्या जन्मवर्षात जाऊन बसतो. मामांचा संगणक असाच पडद्याच्या कोपऱ्यात 2013 सालची तारीख दाखवत होता, आणि अपडेट मागितले की 80072एफ8एफ हा क्रमांक दाखवून थांबत होता. दुरुस्तीच्या दुकानात अशा संगणकाला लगेच फॉरमॅट मारण्याचा सल्ला मिळतो. खरे कारण इतकेच, की अपडेट पाठवणाऱ्या सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राला 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध' अशी मुदत असते. 2013 मध्ये बसलेल्या संगणकाला ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले दिसत नाही, म्हणून तो सर्व्हरवर विश्वास ठेवत नाही. बँकेच्या पानावरही तो 'जोडणी सुरक्षित नाही' असेच म्हणतो. नवा सेल घालून तारीख नीट केली की दोन्ही तक्रारी मिटतात. सेलची किंमत एका पावभाजीहूनही कमी असते.

दुसरी गोष्ट बॅकअप. तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावा आणि घेऊन झाल्यावर ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिलेली डिस्क खंडणीखोर प्रोग्रामला संगणकाचाच भाग वाटते आणि तिच्यावरच्या फाइलीही कुलूपबंद होतात. सी ड्राइव्हवर पंधरा-वीस जीबी मोकळी जागा करून ठेवावी. जागा कमी पडल्याने अर्ध्यात अडकलेली अपडेट हे जुन्या यंत्रांचे नेहमीचे दुखणे आहे. वीज जाण्याची वेळ ठाऊक असेल तर ती टाळावी, यूपीएस असेल तर उत्तम. 'संगणक बंद करू नका' असे लिहून आले की पडदा तासभर हलला नाही तरी बटणाला हात लावू नये. फिरत्या हार्ड डिस्कवर हा टप्पा खरोखरच तेवढा चालतो, आणि डब्यावरचा छोटा दिवा लुकलुकत असेल तर काम सुरू आहे. जुन्या संगणकावर पैसे खर्च करायचेच असतील तर ते एसएसडीवर करावेत. दुपार खाणारे अपडेट त्यावर बहुधा तासाच्या आत होते.

विंडोज 7 नव्याने टाकणाऱ्यांना आणखी एक अडचण भेटते. 2019 पासून मायक्रोसॉफ्टने आपल्या अपडेटवरची डिजिटल सही नव्या पद्धतीची केली. ती सही ओळखायला शिकवणारी दोन अपडेट आधी हाताने उतरवून बसवल्याखेरीज जुनी डीव्हीडी वापरून टाकलेले विंडोज 7 पुढची अपडेट स्वीकारत नाही. आणि ती स्वीकारली तरी मुदत संपलेलीच आहे : सर्वसामान्य ग्राहकांसाठी विंडोज 7 चा आधार 14 जानेवारी 2020 रोजी संपला.

मामांच्या विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. घरगुती ग्राहकांना त्यापुढे एक वर्ष, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत, नोंदणी करून फक्त सुरक्षा अपडेट घेण्याची सोय कंपनीने दिली. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खाते लागते. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर ठेवायला तयार असणाऱ्यांना पैसे पडत नाहीत, एरवी 30 डॉलर किंवा तेवढे रुपये. विंडोज 11 मामांच्या संगणकाला चालत नाही. त्याला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आडवाटेने ते बसवता येते, पण अशा संगणकाला अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. म्हणजे ज्यासाठी खटाटोप करायचा तेच अनिश्चित.

मामा : संगणक ठणठणीत आहे, आणि मी तो भंगारात काढायचा? हे मला पटत नाही.

भाची : मलाही पटत नाही. काढू नका. त्याची कामं वाटून द्या.

मामांचा हा राग रास्त आहे. चालणारे यंत्र केवळ मुदत संपली म्हणून कचऱ्यात जाणे हे पैशाचे नुकसान आहेच, शिवाय कचऱ्याचेही ओझे आहे. आणि त्यांच्याकडे आणखी एक अडसर आहे, जो मराठी छपाईच्या जगात अनेकांना ठाऊक असेल. स्मरणिकेचा मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत, यूएसबी डोंगल लावल्याशिवाय न उघडणाऱ्या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये आहे. पंचवीस वर्षांच्या स्मरणिकांच्या मूळ फाइली त्यातच आहेत. नव्या प्रणालीवर ते डोंगल ओळखले जाईलच असे नाही, आणि मजकूर युनिकोडमध्ये आणायचा तर प्रत्येक पानावरची जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावी लागतात.

भाचीने सुचवलेली वाटणी अशी. जुनी हार्ड डिस्क डीटीपीसाठी जशीच्या तशी ठेवायची आणि तिच्यावरून संगणक चालू असताना नेटची केबल काढलेली असेल. दुसरी, एसएसडी डिस्क लावून तिच्यावर लिनक्स मिंट टाकायचे. 4 जीबी रॅममध्ये ते नीट चालते, सुरक्षा अपडेट फुकट मिळतात, फायरफॉक्स ताजा राहतो आणि देवनागरी टंकलेखनाची सोय त्यात असते. नेट बँकिंग आणि सोसायटीचे हिशेब तिथे करायचे. मिंटवरही अपडेट बसवावीच लागतात, ती आपोआप टळत नाहीत. पण त्याच्या एका आवृत्तीला वर्षानुवर्षे आधार मिळतो, आणि तो संपल्यावर पुढची आवृत्ती बारा वर्षांच्या प्रोसेसरला सहसा नाकारत नाही.

मामा : आणि स्मरणिकेची पीडीएफ छापखान्यात कशी पाठवू? नेट तर काढलेलं.

भाची : पेन ड्राइव्हने. पण त्यालाही शिस्त हवी.

2008 च्या अखेरीस पसरू लागलेला 'कॉन्फिकर' हा किडा नेटवर्कप्रमाणेच पेन ड्राइव्हमधूनही हिंडत असे. पेन ड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपसूक सुरू होण्याची विंडोजमधली सोय त्याच्या पथ्यावर पडली. विंडोज 7 मध्ये ती सोय पेन ड्राइव्हसाठी बंदच ठेवली होती, आणि 2011 च्या फेब्रुवारीत एक्सपीलाही तसे अपडेट मिळाले. तरीही नेटशिवाय चालणाऱ्या संगणकाला बाहेरचा रोग लागायचा तर वाट तीच. म्हणून या कामाचा पेन ड्राइव्ह वेगळा असावा, छापखान्यातून किंवा सायबर कॅफेतून परत आला की आधी मिंटवर लावून रिकामा करावा, आणि मगच जुन्या डिस्कवर चालणाऱ्या विंडोजला लावावा.